पित्ताच्या खड्यामुळे स्वादुपिंडाला सूज: दुर्बिणीचं ऑपरेशन योजनेतून कसं करून घ्यावं

जेवल्यावर छातीखाली कळ उठते, पाठीत जाते, ओकाऱ्या थांबत नाहीत. पित्ताशयातला खडा घसरून नळीच्या तोंडाशी अडकला की स्वादुपिंड सुजतं. चार दिवस सलाइन लागलं की बरं वाटतं आणि घरचे म्हणतात, "सोंगणी झाली की पाहू." माझ्या मामीच्या वेळी आम्हीही हेच म्हटलं. सोयाबीन घरात यायच्या आतच तिला पुन्हा 108 ने न्यावं लागलं. सूज सौम्य असेल तर त्याच भरतीत दुर्बिणीने पित्ताशय काढून घेणं चांगलं. सूज मोठी असेल तर डॉक्टर काही आठवडे थांबायला सांगतात. म्हणून कागदपत्रं भरतीच्या पहिल्याच दिवशी हाती घ्या.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. पूर्वी पांढरं रेशनकार्ड असलं तर अमरावती विभागातल्या आणि वर्ध्याच्या शेतकऱ्यांना सातबारा जोडून लाभ मिळायचा. आता पिवळ्या-केशरीसोबत पांढरं कार्डही चालतं. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेसाठी रुग्णाला मदत करणाऱ्या माणसाचं, टेबल असतं. तिथे रेशनकार्ड आणि आधार मूळ प्रतीत दाखवायचं.

घोळ होतो तो नावाचा. मामीच्या रेशनकार्डावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. आरोग्यमित्राने दोन्ही कार्डं शेजारी ठेवून नेमकं तिथेच बोट ठेवलं आणि मामाची तहसीलची फेरी सुरू झाली. तुम्ही आजच दोन्ही कार्डांवरची अक्षरं ताडून पाहा. रेशनकार्डात सुनेचं, लेकराचं नाव चढलंय का, तेही बघा.

नोंदणी झाली की सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट लावून दवाखाना ऑनलाइन मंजुरी मागतो. मंजुरी आली का, हे ऑपरेशनआधी स्वतः विचारा. तातडीच्या वेळी फोनवरून मंजुरी घेता येते. नळीत खडा उरला असेल तर तोंडातून दुर्बीण घालून तो काढतात. त्याचीही मंजुरी मागितली का, हे विचारायला विसरू नका. काही उपचार सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव आहेत, त्यामुळे खासगीत भरती होण्याआधी आरोग्यमित्राला विचारा. खासगीत जमलं नाही तर नागपूरचं मेडिकल, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, आहेच.

मंजूर उपचारासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका, योजनेच्या मदत क्रमांकावर, 155388 वर, फोन करा. सुट्टीचा कागद आणि सगळे रिपोर्ट एका पिशवीत ठेवा, फेरतपासणीला तेच लागतात.