बलं संतुलित झाली म्हणजे वस्तू थांबते?

वस्तूवरची बलं एकमेकांना तोलून धरत असतील तर ती जागच्या जागी थांबलेली असते, हा समज बहुधा शाळेतल्या रस्सीखेचीच्या चित्रापासून चिकटलेला आहे. तो अर्धाच खरा. संतुलित बलं वेग बदलू देत नाहीत. तो वेग शून्यच असला पाहिजे असं थोडंच आहे?

पावसाचा थेंब घ्या. ढगातून सुटला की गुरुत्वाकर्षणाने त्याचा वेग वाढतो, पण वेगाबरोबर हवेचा विरोधही वाढत जातो. थोडं अंतर पडल्यावर हा विरोध थेंबाच्या वजनाइतका होतो. एकूण बल शून्य. मग थेंब अधांतरी लटकतो का? छे, त्याच वेगाने खाली येत राहतो. पाचेक मिलिमीटरच्या टपोऱ्या थेंबाचा हा वेग सेकंदाला सुमारे ९ मीटर. हवेचा विरोध नसता तर २ किलोमीटरवरून निघालेला थेंब ताशी ७०० किलोमीटरने टाळक्यात बसला असता. (छत्रीचं काय झालं असतं ते सोडाच.)

गती टिकवायला बल लागतंच, ही अ‍ॅरिस्टॉटलची धारणा. गॅलिलिओने तिला धक्का दिला, न्यूटनने १६८७ मध्ये पहिल्या नियमात ती मोडीत काढली. तरी ती पटते, कारण घर्षण डोळ्यांना दिसत नाही. ढकलणं सोडल्यावर हातगाडी थांबते ती बल संपल्यामुळे नव्हे, तर घर्षणाचं बल एकटं उरल्यामुळे.