पार्श्वभूमी : सत्याचा शोध आणि बाप्तिस्म्याची अट

मराठी माणसाने ख्रिस्तात सत्य शोधल्याची हकिकत १६१६ साली गोव्यात छापलेल्या फादर स्टीफन्सच्या ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराणा’पासून सांगण्याचा प्रघात आहे. पण ते पुराण आधीच ख्रिस्ती झालेल्यांसाठी रचलेले होते. शोधाची हकिकत एकोणिसाव्या शतकातली आहे आणि ती लगेच कोर्टाची पायरी चढते. १८३९ साली मुंबईत दोन पारशी तरुणांच्या बाप्तिस्म्यावरून आणि १८४३ साली एका अल्पवयीन ब्राह्मण मुलावरून खटले झाले. १८५०च्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क शाबूत ठेवला, तरी घरच्यांच्या तोंडचा ‘बाटला’ हा शब्द काही बदलला नाही. मनाला काय पटले यापेक्षा डोक्यावर पाणी पडले की नाही, याचीच विचारपूस दोन्ही बाजूंनी होऊ लागली.

बाप्तिस्मा म्हणजे शोधाची समाप्ती, हे गृहीत केडगावच्या पंडिता रमाबाईंनी स्वतःच्या उदाहरणाने मोडले. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. मात्र पुढे दिलेल्या साक्षीत त्यांनी लिहिले की, ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, आणि हे उमगायला त्यांना आठ वर्षे लागली. मधल्या काळात पंथांचे वाद आणि श्रद्धेची ठरीव सूत्रे यांवरून त्यांचे वाँटेजच्या मठातील आपल्या हितचिंतक भगिनींशी खटके उडत राहिले.

खरा पेच पडला तो १९१७ साली. १८९५मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या आणि तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे म्हणणाऱ्या ना. वा. टिळक या कवीने मिशनची नोकरी सोडून संन्यास घेतला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्ताला गुरू मानणारे बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, असे दोघेही या दरबारात सारख्या मानाने बसावेत, ही त्याची योजना होती. मिशनच्या धुरिणांना ती मानवणारी नव्हती. शिष्य करा आणि बाप्तिस्मा द्या, ही आज्ञा मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी स्पष्ट आहे. ती ऐच्छिक ठरवली तर मंडळीची (चर्चची) हद्द कुठे आखायची, हा त्यांचा प्रश्न गैरलागू म्हणता येणार नाही. तरीही कवीच्या म्हणण्यात अनुभवाचे वजन अधिक होते. त्याच्या बाप्तिस्म्याने त्याचे घर दुभंगले होते आणि पत्नीनेही तो स्वीकारेपर्यंत पाच वर्षे गेली होती. ख्रिस्ताकडे येणाऱ्याने आई-बाप, भाषा आणि अभंग सोडूनच यावे, असा दंडक शुभवर्तमानाने घातला आहे की परदेशी व्यवस्थेने, असे विचारण्याचा अधिकार त्याला होता. (‘दरबार’ हा शब्द संन्याशाच्या तोंडी थोडा विसंगत वाटतो, पण त्या दरबाराचा राजा ख्रिस्त होता.) १९१९च्या मे महिन्यात कवी वारला, प्रयोगाला जेमतेम दोन वर्षे मिळाली आणि वाद निकाली न निघताच थंडावला.

स्वातंत्र्यानंतर या अटीला सरकारी अर्थ चिकटला. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी हिंदूंपुरती ठेवली. पुढे १९५६मध्ये शिखांचा आणि १९९०मध्ये बौद्धांचा तीत समावेश झाला, ख्रिस्ती दलितांचा झाला नाही. त्यामुळे अहमदनगर-जालना पट्ट्यात श्रद्धा एक आणि कागद (जातीचा दाखला) दुसरा अशी स्थिती अनेक कुटुंबांत आली. तिला दांभिकपणा म्हणून मोकळे होणारे लोक त्या कागदावर काय काय अवलंबून असते, हे विसरतात.

१९७० साली नागपुरात सहा प्रॉटेस्टंट परंपरांच्या मंडळ्या ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ या नावाने एकत्र आल्या, तेव्हा बाप्तिस्म्याचा प्रश्न पुन्हा पुढे आला, पण वेगळ्या रूपात. तो तान्ह्या मुलाला द्यायचा की समजून उमजून श्रद्धा कबूल करणाऱ्या प्रौढाला, यावर मतभेद होते आणि दोन्ही पद्धती ग्राह्य धरून ते मिटवण्यात आले. साताऱ्याच्या दरबारात ज्याला जागा होती त्या बाप्तिस्मा न घेतलेल्या अनुयायासाठी मात्र त्या तडजोडीत वेगळा रकाना नव्हता.