दाढखालची लवंग ते झायलोकेन

आमच्या खान्देशात दाढ ठणकली की डॉक्टरच्या आधी मोठमाय, म्हणजे आजी. "दाढखाले लवंग धर," एवढंच तिचं प्रिस्क्रिप्शन, आणि खरंच थोड्या वेळात जबडा बधिर व्हायचा. काळ्या मसाल्याच्या डब्यातली ती लवंग मूळची मोलुक्का बेटांची, आणि तिच्यातलं युजेनॉल नावाचं द्रव्य अजूनही डेंटिस्ट लोक झिंक ऑक्साइडसोबत कालवून टेम्पररी फिलिंगला वापरतात, म्हणून तर त्यांच्या क्लिनिकमध्ये तो लवंगेचा वास असतो. (नुसतं तेल मात्र हिरडीवर ओतू नका, भाजतं.)

तोंड बधिर करणारं दुसरं औषध म्हणजे अक्कलकाढा. लहानपणी मला वाटायचं हा आमच्या नंदुरबारकडच्या अक्कलकुव्याहूनच येत असेल, नावच तसं! पण यात घोळ आहे, एकाच नावाने दोन झाडं चालतात. काष्ठौषधीच्या दुकानातली मुळी ॲनासायक्लस नावाच्या झाडाची, ती उत्तर आफ्रिकेकडची, आणि पिवळ्या बटणासारखं फूल येतं ते वेगळंच, स्पायलँथस. फूल चावलं की आधी झिणझिण्या, मग तोंडभर लाळ आणि मग जीभ सुन्न, हे काम त्यातल्या स्पायलँथॉल नावाच्या द्रव्याचं.

आता गंमत बघा, इंजेक्शनवालं लोकल ॲनेस्थेशिया, म्हणजे तेवढाच भाग बधिर करणारं औषध, पण जिभेवरूनच सापडलंय. कोका हे दक्षिण अमेरिकेतलं झुडूप, तिकडचे लोक त्याची पानं पिढ्यानपिढ्या चघळतात. 1860 मध्ये जर्मनीत आल्बर्ट नीमन या रसायनशास्त्रज्ञाने त्यातून कोकेन वेगळं काढलं आणि त्याने जीभ बधिर होते हे लिहून पण ठेवलं, पण पुढची चोवीस वर्षं सर्जरीत त्याचा कुणी नीट उपयोगच केला नाही! 1884 मध्ये व्हिएन्नाच्या डॉक्टर कार्ल कोलरने ते डोळ्यात थेंब टाकून वापरलं आणि मग एकदम सगळीकडे झालं. अमेरिकेतला सर्जन हॉलस्टेड तर मज्जातंतूशेजारी त्याची सुई देऊन हात-जबडा बधिर करायला लागला, स्वतःवरच प्रयोग करत राहिला आणि त्यातच व्यसनी झाला बिचारा.

म्हणून पर्याय शोधणं आलं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आइनहॉर्नचं नोव्होकेन हे बधिर करणारं औषध 1905 पासून वापरात आलं, चाललंही बरंच, पण काहींना त्याची ॲलर्जी व्हायची.

मला सगळ्यात आवडते ती पुढची गोष्ट. सातूच्या रोपात ग्रामीन नावाचं द्रव्य असतं, 1935 च्या सुमारास स्वीडनमध्ये होल्गर एर्टमन ते लॅबमध्ये बनवायला गेला आणि बनलं भलतंच, त्याचं भावंड आयसोग्रामीन. गड्याने ते चाखून पाहिलं तर जीभ बधिर! हाच धागा धरून स्वीडनच्याच लॉफग्रेन आणि लुंडक्विस्ट या रसायनशास्त्रज्ञांनी 1943 मध्ये लिडोकेन बनवलं, लुंडक्विस्टने स्वतःलाच टोचून पाहिलं, आणि 1948 ला ते बाजारात आलं, तेच आपलं झायलोकेन. ते मज्जातंतूच्या पेशीतला सोडियमचा दरवाजा बंद करतं त्यामुळे दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत जातच नाही. गेल्या उन्हाळ्यात अक्कलदाढ काढताना मला तेच टोचलं, आणि तासभर चहा ओठातून शर्टावर गळत होता.