लाव्हा निवल्यावर आलेला विंचू

पावसाळ्याच्या तोंडावर अंजनेरीच्या पायथ्याशी ओळखीच्या एका काकांच्या बांधावर रात्री फिरत होतो. हातात नोटा तपासायची जांभळी बॅटरी. विंचवाच्या कवचातली काही द्रव्यं अतिनील प्रकाशात हिरवट-निळी चमकतात, त्यामुळे दिवसा दगडात मिसळून जाणारा हा प्राणी रात्री रेडियमच्या खेळण्यासारखा उठून दिसतो. एका बिळाच्या तोंडाशी तळहाताएवढा काळा विंचू बसला होता, आपल्याकडे काही जण ज्याला इंगळी म्हणतात तो. काका लांबूनच म्हणाले, "हा इथलाच. आमच्या आज्यापासूनचा."

आज्यापासूनचा खरा, पण इथलाच? ज्या काळ्या पाषाणात त्याचं बीळ आहे, तो पाषाण वितळलेला होता तेव्हा या जागी विंचू काय, गवताची काडीही टिकली नसती.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा वाहिला. एकदाच नाही, पुन्हा पुन्हा. आजही त्याचा पसारा सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. १,५६७ मीटर उंचीचा साल्हेर म्हणजे अशाच थरांची चवड. घाटात रस्त्यासाठी कापलेले कडे पाहिलेत, तर दोन काळ्या थरांमध्ये कुठे कुठे लाल मातीचा पट्टा दिसतो. मधल्या शांततेत दगड कुजून माती झाली होती. मग पुढचा लाव्हा आला आणि ती मातीही भाजून निघाली.

मग हा आला कुठून? स्टेफनी लोरिया आणि लोरेन्झो प्रेंडिनी या संशोधकांनी २०२० साली आशियातल्या मोठ्या काळ्या वनविंचवांची वंशावळ मांडली. पद्धत कल्पनेत सोपी आहे, हाताने करायला किचकट. वेगवेगळ्या जातींच्या डीएनएतले फरक मोजायचे, जीवाश्मांच्या वयाशी ते ताडून पाहायचे आणि कोणत्या भावकीची वाटणी साधारण कधी झाली याचा अंदाज बांधायचा.

त्यातून निघालेली कथा अशी. हे विंचू मूळचे गोंडवनचे, म्हणजे भारत, आफ्रिका आणि दक्षिणेकडचे बाकीचे भूखंड एकत्र होते त्या महाखंडाचे. पश्चिम आफ्रिकेतला एम्परर विंचू आणि आपला हा काळा एकाच कुळातले, आणि ते दिसतंही. भारत तिथून तुटून उत्तरेकडे निघाला, तशी या घराण्याची वाट आफ्रिकेतल्या भाईबंदांपासून वेगळी झाली. पुढे, दख्खनवर लाव्हा वाहत होता त्याच सुमारास, डायनोसॉरांच्या अंताचा तो महाविनाशाचा काळ आला. त्या कठीण दिवसांत यातली एक शाखा आक्रसत आक्रसत दक्षिणेकडचा पश्चिम घाट आणि श्रीलंकेतला मधला डोंगराळ भाग एवढ्यापुरती उरली. परिस्थिती निवळल्यावर तिचे वंशज पुन्हा उत्तरेकडे पसरले, दख्खनच्या कोरड्या पठारावर रुळले आणि तिथे त्यांच्या नव्या जाती झाल्या. दरम्यान भारत आशियाकडे सरकत असताना याच घराण्यातल्या विंचवांनी आग्नेय आशिया गाठला, तोही तीन वेगवेगळ्या वेळी. पहिल्यांदा, भारताची कड सुमात्राला घासून जात होती तेव्हा.

याच दोघांनी त्या वर्षी या विंचवांच्या नावांचीही फेरमांडणी केली. नव्या प्रजातींपैकी (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) एकीचं नाव डेक्कनोमेट्रस, दुसरीचं सह्याद्रिमेट्रस. लॅटिन नावांच्या जंगलात आपले डोंगर भेटले की मला उगीचच बरं वाटतं.

'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' असं आपण फिरस्त्या माणसाला म्हणतो. निम्मं खरं आहे. मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लांना जन्म देते आणि त्यांची पहिली कात पडेपर्यंत त्यांना पाठीवर वागवते. पण बिऱ्हाड घेऊन ती जाते कुठे? बिळापासून चार पावलं. म्हणूनच विंचवांची वंशावळ जमिनीच्या हालचालींचा इतका चांगला हिशेब देते. भूखंड सरकला की त्यावरचा विंचू सरकतो.

कोळ्यांचा हिशेब असा लागत नाही. बारीक कोळी रेशमाचा धागा हवेत सोडून उडत जातात. १८३२ मध्ये डार्विनच्या बीगल जहाजाच्या दोरखंडांवर किनाऱ्यापासून ६० मैलांवर हजारो चिमुकले कोळी उतरले होते. इंडोनेशियातल्या क्राकाटोआ ज्वालामुखीच्या १८८३ च्या उद्रेकात बेट करपून गेलं, तेव्हा नऊ महिन्यांनी तिथे सापडलेला पहिला जीव कोळीच होता. बिळाला झाकण लावून राहणारे काही कोळी मात्र विंचवासारखेच घरकोंबडे. तरीही ऑस्ट्रेलियातल्या कांगारू बेटावरच्या अशा एका कोळ्याचे जवळचे नातलग आफ्रिकेत निघाले, आणि दोघांची फारकत भूखंड तुटल्यानंतर कितीतरी उशिरा झालेली. म्हणजे पूर्वज बहुधा मातीच्या ढेकळासकट किंवा झाडपाल्यावर बसून समुद्र ओलांडून गेले. अभ्यासकांनाही हे पचायला वेळ लागला असणार.

काकांना थोडक्यात हे सगळं सांगितलं. त्यांची खरी काळजी वेगळी होती: चावला तर? मोठ्या काळ्याचा दंश दुखतो, पण त्याच्यापेक्षा जपायचं ते लहानशा लाल विंचवाला. तो जीव घेऊ शकतो. त्याच्या प्रजातीचे नातलग आफ्रिकेपासून अरबस्तान, इराणपर्यंत पसरलेत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्याच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केल्यापासून कितीतरी जीव वाचले. तो चावला की मांत्रिक नको, थेट दवाखाना.

"आणि हा काळा, म्हणजे दक्षिणेकडून आलेला म्हणायचा," काका म्हणाले. मग बॅटरी माझ्या हातातून घेऊन त्यांनी बिळावर पुन्हा एकदा प्रकाश टाकला. पण तोवर तो आत गेला होता.