रेस सुटली, पाय तेच राहिले

रेसमधून निवृत्त होणारा थरोब्रेड घोडा पुष्कळदा जेमतेम चार-सहा वर्षांचा असतो. नीट सांभाळला तर घोडा पंचविशी सहज गाठतो. म्हणजे आयुष्य बरंच पुढे पडलेलं, पण पायांनी मात्र आत्ताच खूप सोसलेलं. असा घोडा साध्या रपेटीसाठी घ्यायचा म्हटलं की पहिली विचारणा होते, 'पायाने बरा आहे ना?' विचारणा रास्त आहे, पण अर्धवट. कुठल्या कामासाठी बरा, हे ठरल्याशिवाय तिला उत्तरच नाही.

घोड्याच्या पुढच्या पायात गुडघ्याखाली स्नायू जवळपास नसतातच. हाडाच्या मागून लांब कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे चिवट दोर, खाली उतरतात आणि खुरावरच्या घोट्याच्या सांध्याला मागून उचलून धरतात. भरधाव पळताना एका क्षणी सगळा भार एकाच पायावर येतो आणि तो शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट होतो. पाचशे किलोचा घोडा असेल तर एका पायावर सव्वा टन. सांधा जमिनीकडे खचतो, मागची कंडरा ताणली जाते आणि पाय उचलताना ती आखडून तीच ऊर्जा परत देते. इतक्या वेगातही घोड्याची दमछाक त्या मानाने कमी होते ती या सोयीमुळे. पण सोय फुकट नाही. त्या वेळी कंडरा मूळ लांबीच्या सोळा टक्क्यांपर्यंत ताणली जाते, आणि ती तुटण्याची मर्यादा तिथून फार लांब नसते. शिवाय प्रत्येक ताणात थोडी ऊर्जा उष्णता होऊन आतच राहते. पळणाऱ्या घोड्याच्या कंडरेच्या गाभ्यात तापमान ४३ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत गेल्याचं मोजलं गेलं आहे. रक्तपुरवठा आधीच बेताचा, त्यामुळे ही धग लवकर निघून जात नाही. म्हणून 'अमक्या शर्यतीत पाय गेला' असं लोक म्हणतात तेव्हा बहुधा तो पाय कित्येक महिने आतून झिजत आलेला असतो.

फाटलेली कंडरा भरून येते, पण पूर्वीसारखी होत नाही. तिथे व्रणाची ऊती तयार होते. ती जाड आणि ताठ असते, लवचीकपणात मूळ कंडरेची सर तिला येत नाही. पुन्हा भरधाव पळवलं तर व्रणाच्या आसपासची चांगली ऊती जास्त ताणली जाते आणि दुखापत उलटते. सगळ्यात जास्त गिऱ्हाइकं या फुगलेल्या कंडरेलाच बिचकतात. माझ्या मते ही भीती थोडी चुकीच्या जागी आहे. पाय उचलून धरावा, म्हणजे कंडरा सैल पडते. मग अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धरून गुडघ्यापासून घोट्यापर्यंत हळूहळू चाचपत यावं आणि लगेच दुसऱ्या पायाशी ताडून पाहावं. जागा जाड आहे पण गार आहे, दाबल्यावर घोडा पाय हिसकत नाही, दुखापतीला वर्ष-दीड वर्ष झालंय आणि सोनोग्राफीत तंतू पुन्हा सरळ रांगेत दिसतायत, तर असा घोडा हलकी रपेट वर्षानुवर्षं करू शकतो. जागा कोमट लागली तर मात्र वर्षाचा हिशोब सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

हाडाची तऱ्हा वेगळी. ज्युलियस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने १८९२ साली मांडलं की हाड त्याच्यावर पडणाऱ्या भारानुसार स्वतःला घडवतं. दोन वर्षांच्या शिंगराला पळवायला लागलं की नळीचं हाड, म्हणजे गुडघा आणि घोट्यामधलं लांब हाड, पुढच्या बाजूने जाड होऊ लागतं. भार त्या वेगापेक्षा जास्त वाढला की नळी दुखू लागते. उलट बाजूही लक्षात ठेवायला हवी. विश्रांतीत हाडाची डागडुजी सुरू होते, आणि या कामात आधी खराब भाग पोखरून काढला जातो, नवा भरणा नंतर होतो. मधल्या काळात हाड तात्पुरतं कच्चं असतं. दोन-तीन महिने तबेल्यात उभा असलेला घोडा 'आता ताजातवाना झाला' म्हणून एकदम दौडवणं त्यामुळे घातक ठरू शकतं.

एक्स-रे काढावेत, पण त्यावरून निकाल देऊ नये. पाठीच्या मणक्यांची वरची टोकं एकमेकांना टेकलेली असे कितीतरी घोडे सापडतात ज्यांना काही दुखत नाही. आणि स्वच्छ एक्स-रे असलेला घोडाही लंगडतो, कारण कंडरा आणि अस्थिबंध (हाडाला हाड जोडणारे पट्टे) त्यात दिसत नाहीत.

खरी परीक्षा कडक जमिनीवर दुडकीत होते. पुढचा दुखरा पाय टेकताना घोडा डोकं वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली करतो. गंमत अशी की दोन्ही पाय सारखेच दुखत असले तर डोकं हलतच नाही, फक्त टापा आखूड पडतात, आणि पाहणाऱ्याला वाटतं घोडा शांत आहे. मग त्याला लहान गोलात दोन्ही बाजूंनी फिरवावं, म्हणजे आतल्या पायाचं दुखणं उघड होतं. फिनाइलब्युटाझोनसारखं वेदनाशामक दिलं असेल तर हे सगळं झाकलं जातं. म्हणून तपासणीच्याच दिवशी पशुवैद्याने रक्ताचा नमुना काढून ठेवावा.

काही घोडे लंगडत नाहीत, नुसते 'खोडकर' ठरतात. ब्रिटिश पशुवैद्य स्यू डायसन यांनी स्वाराखालच्या घोड्याच्या चोवीस हालचालींची यादी केली आहे: कान मागे पाडणं, शेपूट झटकणं, तोंड उघडणं वगैरे. त्यातल्या आठ किंवा जास्त दिसल्या तर हाडा-स्नायूंचं दुखणं असण्याची शक्यता बरीच वाढते. तंग आवळताना चावायला येणारा घोडा पोटाचाही रोगी असू शकतो. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरतं, चघळताना सुटणारी लाळ त्याला थोपवते. चंदी, म्हणजे दाणा, भरपूर आणि वैरण कमी, या रेसच्या खुराकात ती लाळच कमी पडते. तालमीतल्या बहुसंख्य घोड्यांच्या जठरात अल्सर आढळतात.

खुरांना वेळ द्यावाच लागतो. खूर महिन्याला जेमतेम सहा ते दहा मिलिमीटर वाढतो. पुढे लांबलेला आणि टाचेला बसलेला खूर कुशल नालबंदाच्या हातूनही वर्षभराआधी नवा होत नाही.

मी कुठे नको म्हणेन? मागच्या पायाचा सांधा तोलणारा अस्थिबंध दुखावलेला आणि वरून पाय रचनेनेच सरळ, अशा घोड्यावर खोगीर चढवायच्या भानगडीत पडू नये. नुसता चरायला, दुसऱ्या घोड्याच्या सोबतीला हवा असेल तर तो चालेल. मात्र तेव्हाही पहिले काही आठवडे त्याला लहान कुंपणातच ठेवावं. मोकळ्या रानात सोडल्यावर तो किती जोरात पळेल, हे मालकाच्या हातात राहत नाही.