स्कूटर तिरकी करणे

गाडी सुरू व्हावी म्हणून किक मारण्यापूर्वी स्कूटर स्टँडवरून काढून एका बाजूला झुकवणे, काही क्षण तशीच धरणे आणि पुन्हा सरळ करणे, ही भारतात रूढ झालेली पद्धत. गिअरच्या टू-स्ट्रोक स्कूटरींशी, त्यातही बजाज चेतकशी तिचे नाव जोडले गेले आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला हा उपाय बहुधा लागू पडतो. महिनोन्‌महिने बंद असलेल्या गाडीला सहसा पडत नाही.

पेट्रोलवरच्या चेतकचे उत्पादन 1972 मध्ये सुरू झाले व 2006 च्या सुमारास थांबले. 2009 हे वर्षही दिले जाते, पण ते कंपनीने स्कूटर उत्पादनातूनच माघार जाहीर केल्याचे आहे. चेतकचे इंजिन इटालियन व्हेस्पा स्प्रिंटच्या घडणीचे. त्याआधी 1960 च्या दशकात आकुर्डीला (पुणे) पियाजोच्या परवान्याखाली व्हेस्पा बनत होती. तेव्हा तिरकी करण्याची सवय चेतकपेक्षा जुनी असण्याचीच शक्यता अधिक.

कारणमीमांसा : तीन स्पष्टीकरणे प्रचलित आहेत. पहिले, टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागते, ते टाकीच्या तळाशी बसलेले असले तर ढवळले जाते. मात्र लिटरला सुमारे 20 मिलि. या प्रमाणात एकदा नीट मिसळलेले हे टूटी (2T, म्हणजे टू-स्ट्रोकचे) ऑइल सहजासहजी वेगळे होत नाही. दुसरे, नळीतला हवेचा बुडबुडा निघतो किंवा टाकीतले उरलेसुरले पेट्रोल कॉककडे (टाकीखालच्या पेट्रोलच्या तोटीकडे) सरकते. टाकी रिकामी होत आली असेल तेव्हा हे खरे. भरल्या टाकीच्या गाडीलाही लोक तिरकी करतात, त्याचा उलगडा यातून होत नाही. तिसरे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. गाडी झुकली की कार्बोरेटरच्या फ्लोट कक्षातले (तरंगत्या फ्लोटने पातळी राखलेल्या छोट्या साठ्यातले) पेट्रोल जेटवाटे, म्हणजे बारीक छिद्रावाटे, ओसंडते. चेतकमध्ये कार्बोरेटर थेट क्रँककेसवर (इंजिनाचा क्रँक फिरतो त्या बंद कप्प्यावर) बसवलेला असल्याने हे पेट्रोल लगेच आत उतरते आणि थंड इंजिनाला हवे असलेले दाट मिश्रण मिळते. जुन्या ब्रिटिश मोटरसायकलींत फ्लोट दाबून पेट्रोल ओसंडू देणारे एक लहान बटण असे, त्याचेच हे काम. थंड इंजिनाला दाट मिश्रण देणाऱ्या चोकची तार गंजून अडकलेल्या गाडीत तिरकी करणे म्हणजे चोकची बदलीच. कोणत्या बाजूला झुकवायचे, यावर मात्र गल्लोगल्ली वेगळे मत ऐकू येते.

दीर्घकाळ बंद गाडी : ओसंडायला फ्लोट कक्षात पेट्रोल हवे, इथे तेच उडून गेलेले असते. मागे राहतो तो ऑइलचा व ऑक्सिडीभूत पेट्रोलचा चिकट थर. त्यात फ्लोट कक्षात येणारे पेट्रोल रोखणारी नीडल चिकटते आणि मंद गतीला पेट्रोल पुरवणारा, केसाएवढ्या छिद्राचा पायलट जेट बुजतो. अशा वेळी कार्बोरेटर खोलून जेट हवेने फुंकणे हाच उपाय. जेट तारेने टोकरल्यास छिद्र मोठे होते आणि गाडी पुढे कायमची जास्त पेट्रोल पिते. कॉक उघडा राहून नीडल गळत असेल तर उलट घडते. क्रँककेसमध्ये पेट्रोल साचते, प्लग ओला होतो आणि तिरकी केल्याने त्यात भरच पडते. मग कॉक बंद करून, प्लग काढून रिकाम्या किका माराव्या लागतात.

पेट्रोलमधील इथेनॉल हा नंतरचा घटक. महाराष्ट्रासह काही राज्यांत 2003 पासून 5 टक्के मिश्रणाचा कार्यक्रम सुरू झाला, देशभरात 10 टक्क्यांचे उद्दिष्ट 2022 मध्ये गाठले गेले आणि 2023 पासून 20 टक्के मिश्रण पंपांवर येऊ लागले. इथेनॉल पाणी शोषते. पाणी प्रमाणाबाहेर गेले की दोन्ही मिळून तळाशी उतरतात, आणि कॉक नेमका तळातूनच घेतो.

प्लगला करंट नसल्यास जुन्या गाड्यांत आधी मॅग्नेटमधले (ठिणगीची वीज तयार करणाऱ्या चक्रातले) पॉइंट, म्हणजे उघडझाप करणारे संपर्कबिंदू, पाहावेत. दमट हवेत त्यांवर चढलेला गंजाचा थर पॉलिश पेपरने जातो. टाकीच्या झाकणाचे छिद्र बुजले असेल तर गाडी सुरू होऊन थोड्या वेळात बंद पडते. सायलेन्सरमध्ये कुंभारमाशीने मातीचे घर केलेलेही सापडते.

करंट आणि पेट्रोल दोन्ही असून गाडी सुरू होत नसेल तर संशय क्रँकच्या ऑइल सीलवर घ्यावा. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण आधी क्रँककेसमध्ये दाबले जाते. पडून राहिलेल्या गाडीचे रबरी सील कडक होतात. मॅग्नेटकडचा सील गेला तर हवा शिरून मिश्रण पातळ होते. क्लचकडचा गेला तर गिअर ऑइल ओढले जाऊन पांढरा धूर येतो. एरवी धक्का मारून दुसऱ्या गिअरमध्ये सुरू होणारी गाडीही मग दाद देत नाही.

गिअरलेस स्कूटरींत धक्का स्टार्टची सोय नाही, कारण त्यांचा क्लच इंजिन फिरू लागल्यावरच पकडतो. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत फ्लोट कक्षच नसतो. त्यांपैकी काहींत गाडी आडवी होताच इंजिन बंद करणारा संवेदक बसवलेला असतो.