पुंगळ्यांची साक्ष

ऑगस्ट १९८३मध्ये अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात एका माळरानाला वणवा लागला. दाट गवत जळून गेलं, जमीन उघडी पडली आणि १०७ वर्षांपूर्वीच्या एका लढाईचा तपास नव्याने सुरू झाला.

ही लढाई २५ जून १८७६ची, लिटल बिगहॉर्न नदीकाठची. अमेरिकी सैन्याच्या सातव्या घोडदळाचा लेफ्टनंट कर्नल जॉर्ज आर्मस्ट्राँग कस्टर आपलं सैन्य तुकड्यांत वाटून लाकोटा, शायन आणि अरापाहो या मूळनिवासी लोकांच्या भल्यामोठ्या वस्तीवर चालून गेला. त्याच्या स्वतःच्या तुकडीतले सुमारे २१० जण त्याच्यासकट मारले गेले. त्यांच्यातलं कुणी हकिगत सांगायला उरलं नाही, तेव्हा ते काम चित्रकारांनी अंगावर घेतलं. टेकडीवर उभा कस्टर, वाऱ्यावर लांब केस, हातात तलवार, भोवती अखेरच्या गोळीपर्यंत झुंजणारे शिपाई! एका बिअर कंपनीने असंच एक चित्र १८९६मध्ये छापून गुत्त्यागुत्त्यांत टांगायला दिलं. प्रत्यक्षात कस्टरने मोहिमेपूर्वी केस बारीक कापले होते आणि तलवारी मागे ठेवल्या होत्या. त्याची पत्नी लिबी पुढे १९३३पर्यंत जगली आणि ती सगळी वर्षं तिने नवऱ्याचं नाव उजळ ठेवण्यात घालवली.

साक्षीदार नव्हते असं मात्र नाही. जिंकलेले सगळे साक्षीदारच होते. रेड हॉर्स या लाकोटा योद्ध्याने १८८१मध्ये लढाईची ४२ चित्रं काढली. शेवटची झटापट भुकेल्या माणसाला जेवायला लागतो तेवढ्याच वेळात आटोपली, असंही त्या बाजूने सांगितलं गेलं. पण या हकिगती एकमेकींशी जुळत नाहीत, असं म्हणून अभ्यासकांनी त्या बराच काळ बाजूला सारल्या.

वणव्यानंतर पुरातत्त्वज्ञ रिचर्ड फॉक्स यांनी जमिनीची पाहणी केली. पुढच्या दोन वर्षांत डग्लस स्कॉट आणि त्यांनी मिळून, स्वयंसेवकांच्या हाती मेटल डिटेक्टर देऊन, सगळा माळ पिंजून काढला. यंत्र वाजलं की तिथे झेंडी रोवायची, वस्तू नेमकी कुठे आणि कोणत्या दिशेला तोंड करून पडली आहे ते मोजायचं, आणि मगच ती उचलायची. हजारो वस्तू मिळाल्या. त्यात सगळ्यात बोलक्या ठरल्या त्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या.

बंदुकीचा घोडा ओढला की फायरिंग पिन पुंगळीच्या बुडावर आदळते. प्रत्येक पिनेचा ठसा थोडा वेगळा उमटतो. गोळीबाराच्या गुन्ह्यात पोलिसांची प्रयोगशाळा सूक्ष्मदर्शकाखाली हेच ठसे ताडून पाहते. इथेही तेच केलं. एकाच बंदुकीच्या पुंगळ्या दोन-तीन ठिकाणी सापडल्या की ती बंदूक कुठून कुठे गेली ते नकाशावर मांडता येतं. ती धरणाऱ्याचं नाव कळत नाही, पावलं मात्र दिसतात.

त्या नकाशाने कस्टरभक्तांची बरीच पंचाईत केली. रणभूमीवरच्याच कॅलहून टेकडीवर शिपायांच्या पुंगळ्या ठरावीक अंतरांवर पडल्या होत्या. म्हणजे तिथे रांग धरून, शिस्तीत गोळीबार झाला. पुढे ही शिस्त मोडते. कस्टर जिथे पडला त्या ‘अखेरच्या झुंजीच्या’ टेकडीवर तर सैन्याच्या पुंगळ्या अगदी थोड्या निघाल्या. फॉक्स यांनी निष्कर्ष काढला की शूर शेवट वगैरे झालाच नाही, फळी फुटली आणि माणसं घाबरून एकमेकांना बिलगली. यावर आक्षेप आहे, आणि मला तो वजनदार वाटतो: शंभर वर्षं हौशी पर्यटक आठवण म्हणून पुंगळ्या उचलत होते आणि सगळ्यात जास्त गर्दी याच टेकडीवर असणार. पण जिंकलेल्यांच्या हकिगतींतला गोंधळ आणि पळापळ या नकाशाशी जुळते, हे टाळता येत नाही.

बंदुकांची सबबही टिकली नाही. शिपायांच्या स्प्रिंगफील्ड कार्बाइनमध्ये, म्हणजे आखूड बंदुकीत, तांब्याची पुंगळी अडकायची, म्हणून हार झाली, असं सांगितलं जाई. अडकलेली पुंगळी उचकटून काढली तर ओरखडे राहतात. तसे ओरखडे शंभरात पाचांपेक्षाही कमी पुंगळ्यांवर निघाले. खरा फरक समोरच्या हातांत होता. योद्ध्यांकडे चाळीसहून अधिक प्रकारच्या बंदुका होत्या. त्यातल्या हेन्री आणि विंचेस्टर एकामागून एक गोळ्या झाडत. शिपायाला दर गोळीला नवं काडतूस भरावं लागे.

कस्टर पराक्रमी की उतावळा, हे पुंगळी सांगत नाही. १८६८मध्ये वॉशिटा नदीकाठी त्याने झोपेतल्या शायन वस्तीवर घातलेला छापा, किंवा करारानुसार लाकोटांच्या असलेल्या ब्लॅक हिल्समध्ये १८७४ साली त्याच्या मोहिमेला सापडलेलं सोनं, ही प्रकरणं मेटल डिटेक्टरच्या कक्षेबाहेरची. रणभूमीला असलेलं कस्टरचं नाव काढून नदीचं दिलं गेलं ते १९९१च्या कायद्याने.

एक कोडं मात्र कुदळीनेच सोडवलं. जिथे शिपाई पडले तिथे १८९०मध्ये संगमरवरी दगड लावले गेले. मेले सुमारे २१०, दगड अडीचशेच्या आसपास! उत्खननात दिसलं की पुष्कळ ठिकाणी दगडांच्या जोडीखाली एकाच माणसाची हाडं आहेत. घाईत पुरताना प्रेताच्या दोन्ही अंगांची माती त्यावर ओढली होती. दोन खळगे उरले, आणि दगड लावणाऱ्यांनी त्या दोन कबरी मानल्या. ते जोडदगड अजून तसेच उभे आहेत. पडलेल्या योद्ध्यांसाठी लाल ग्रॅनाइटचे दगड लागायला १९९९ साल उजाडलं.